कोयत्याचा मुक्काम

थंडीची चाहूल लागली की मोबाइलवर तंबूंच्या जाहिराती सुरू होतात. पवना धरणाच्या काठी जोडप्यासाठी एक रात्र, शेकोटी, गाणी, सकाळी पोहे. भंडारदऱ्याला तेच, कासच्या बाजूला तेच. मागे एकदा मधल्या सुट्टीत आमच्या एका तरुण सरांनी स्टाफरूममध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका नवरा-बायकोचा व्हिडिओ दाखवला. दोघंच, एक गाडी आणि गाडीच्या टपावर उघडणारा तंबू. तिकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट. त्या थंडीत हे दोघं खेड्यापाड्यांतून हिंडतात, कधी नदीकाठी तर कधी एखाद्या लहानशा गावाबाहेरच्या मैदानावर मुक्काम करतात. ती शेगडीवर चहा ठेवते, तो खुंट्या ठोकतो. पहाटे गवतावरचं दव गोठलेलं असतं आणि दोघं रजईत गुरफटून ऊन यायची वाट पाहतात. "सर, जिंदगी असावी तर अशी," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. चांगलंच होतं ते, नाव ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फक्त आष्टीत बसून असा व्हिडिओ पाहताना एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या तालुक्यातून, शेजारच्या पाटोदा-शिरूरमधून, पलीकडे धारूर-वडवणीतून दर हिवाळ्यात नवरा-बायकोच्या हजारो जोड्या अशाच निघतात. त्याही रस्त्याने जातात. गावाबाहेर, उघड्यावर, पाण्याच्या कडेने मुक्काम करतात. चहा उघड्यावरच होतो आणि पहाटेचं दव त्यांच्याही अंगावर पडतं. हे एक-दोन आठवडे नाही, चांगलं पाच-सहा महिने चालतं. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही, ऊसतोड म्हणतात.

या दोन प्रवासांत फरक गरिबी-श्रीमंतीचा आहे, असं पटकन म्हणता येईल. तो आहेच. पण माझं म्हणणं त्याहून साधं आणि जरा अडचणीचं आहे. मुक्कामाच्या जागी पाणी, उजेड आणि आडोसा असला की उघड्यावरचं राहणं माणसाला सोसतं, कधी आवडतंही. हे तीन नसले की तेच राहणं आजारपण होतं. आणि हे तीन पुरवणं कारखान्याला अवघड नाही. त्याला ते करायला भाग पाडणारी जागा सरकारच्या हातात आहे, फक्त ती अजून वापरलेली नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. ऊसतोडीच्या हिशेबात माणूस नसतो, कोयता असतो. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, कुठे पन्नास हजार, कुठे लाखाच्या पुढे. ती कोयत्याला मिळते आणि मुकादमाच्या वहीत नाव लागतं नवऱ्याचं. बाईचं नाव त्या वहीत नसतं. तोडणीत ती अर्धी असते, मोळी बांधण्यात अर्ध्याहून जास्त, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढण्यात बरोबरीची. पण उचलीच्या कागदावर ती "जोडी" या शब्दाच्या आत कुठेतरी लपलेली असते. एक दिवस कुणी आजारी पडलं तर खाडा, म्हणजे त्या दिवसाची रक्कम उलटी अंगावर. ही कुठे पाचशे, कुठे जास्त. खाडा मात्र तिच्या आजारपणाचाही धरला जातो. तिथे तिला विसरत नाहीत.

याच हिशेबामुळे आमच्याकडे नववी-दहावीतल्या मुली दिवाळीच्या आधी वर्गातून नाहीशा होतात. अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी. पोराचं लग्न लावलं की कोयता पूर्ण होतो. बालविवाहावर आम्ही शाळेत पथनाट्यं करतो, शपथा घेतो, भिंतीवर घोषणा लिहितो. त्या घोषणेसमोर उचलीचं गणित उभं असतं, आणि गणितात आम्ही मास्तर लोक हरतो.

जरा विषयांतर करतो, भाषेचा मास्तर असल्यामुळे राहवत नाही. ऊसतोडीतले शब्द पाहा. हंगाम फारसी. मजूर फारसीतून आलेला. मुकादम म्हणजे अरबी मुकद्दम, ज्याला पुढे ठेवलंय तो. मुक्काम म्हणजे अरबी मुकाम, उभं राहण्याची जागा. उर्दूत मुकाम या शब्दाला केवढी इज्जत आहे. एखाद्या माणसाचा मुकाम उंच आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा दर्जा, त्याची प्रतिष्ठा असा अर्थ असतो. मराठीत येता येता त्यातली प्रतिष्ठा गळाली आणि रात्र काढायची जागा तेवढी उरली. कोयता, मोळी, फड, पाचट हे मात्र इथल्या मातीतले. म्हणजे व्यवस्था चालवणारे शब्द बाहेरून आले आणि राबणारे शब्द घरचे आहेत. यावरून काही सिद्ध करायचं नाही, गंमत म्हणून सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि एक सहकारी नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या तळावर गेलो होतो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की लोकांना वाटतं तो एकच वाईट आणि बाकीचे चांगले. आमच्या वर्गातली काही मुलं तिथे होती. त्यांना गावी आणून हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, हे आई-बापांशी बोलायचं होतं. संध्याकाळी पोचलो. रस्त्याच्या खालच्या अंगाला, पाटाच्या कडेने, शंभर-सव्वाशे कोप्या. कोपी म्हणजे बांबूच्या कमानी, त्यावर चटई, वरून पाचट आणि असेल तर ताडपत्री. आत शिरताना वाकावं लागतं आणि शिरल्यावर उभं राहता येत नाही. दाराशी तीन दगडांची चूल. कडेला बैल. बैलांचं शेण, बैलांचं मूत आणि माणसांचं अंथरूण यांत हातभराचं अंतर.

माझ्या उर्दूच्या वर्गातल्या पोराची आई भेटली. टोळीत मुसलमानांची दोन घरं होती, बाकी वंजारी, बौद्ध, मराठा, एक बंजारा कुटुंब. मी म्हटलं, "भाभी, याला पाठवा आमच्याबरोबर, आणि मुलीलाही." ती म्हणाली, "सर, इसकू लेके जाव. बच्ची कू नक्को. छोटे कू कौन देखेगा?" मुलगी नऊ वर्षांची. कडेवर दहा महिन्यांचा भाऊ. पहाटे चारला आई-बाप फडात गेले की दुपारपर्यंत ती कोपीची मालकीण. तिच्या या कामाला कुठल्याच वहीत जागा नाही, अर्ध्या कोयत्याचीसुद्धा नाही.

शेजारच्या कोपीतल्या बाईंना पाण्याचं विचारलं. "त्या वस्तीवरच्या बोअरचं आणतो. मालक असला तर देतो, नसला तर पाट हाये की." आणि संडास? त्या काही बोलल्या नाहीत. हसल्या आणि उसाकडे हात केला. मग म्हणाल्या, "ऊस उभा हाये तवर बरं असतंय, गुर्जी. तुटत आला की लई हाल." मी घरी परतताना एवढं एकच वाक्य बरोबर घेऊन आलो. जो ऊस तोडायला त्या आल्या, तोच त्यांचा आडोसा. स्वतःच्या हाताने रोज तो थोडा थोडा तोडायचा.

मग त्या काय करतात? पाणी कमी पितात. अंधार पडेपर्यंत थांबतात. पाळीच्या दिवसांत तेच कापड वापरतात, कारण धुवायला आणि वाळत घालायला जागा नाही. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत फडात उभ्या राहतात. लघवीला न जाणं, पाणी न पिणं आणि डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी वाहणं यांतून काय काय होतं, ते तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात विचारा. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळापर्यंत गेला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहा बायकांमागे एक. त्या वेळी सगळा राग डॉक्टरांवर निघाला आणि काही डॉक्टरांच्या बाबतीत तो रास्तच असेल. पण बाई त्या टेबलापर्यंत पोचली कशी, हा प्रश्न पाटाच्या कडेला सुरू होतो. पिशवी काढली की पाळी नाही, पाळी नाही तर खाडा नाही, असं तिला वाटतं किंवा कुणीतरी वाटायला लावतं. मुक्कामाच्या जागी चार भिंती आणि नळ असता तर यांतल्या किती जणींची शस्त्रक्रिया टळली असती, ते मोजायला कुणी गेलेलं नाही.

आता पुन्हा त्या ऑस्ट्रेलियाकडे वळतो, कारण त्या व्हिडिओने माझी झोप दुसऱ्याच कारणाने उडवली. तिथे हिवाळ्यात गाडीला घर जोडून निघणाऱ्या निवृत्त जोडप्यांची मोठी परंपरा आहे. आणि तिथल्या केंद्र सरकारने देशभरातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांचा एक नकाशा तयार करून ठेवला आहे. हजारो ठिकाणं त्यात आहेत. कुठलं कधी उघडं असतं, कुठे अपंगांना जाता येतं, सगळं पाहता येतं. म्हणजे ज्या नवरा-बायकोचा मोकळा, बिनधास्त प्रवास पाहून आम्ही माना डोलावल्या, त्यांच्या मोकळेपणाच्या मागे सरकारी संडासाचा नकाशा आहे. व्हिडिओत तो दिसत नाही. पाया कुठल्याच फोटोत दिसत नसतो.

आणखी एक योगायोग. त्या देशाच्या ईशान्येला क्वीन्सलँड नावाचं राज्य आहे. तिथला ऊस जगात नावाजलेला आणि तिथला गाळप हंगाम साधारण जूनला सुरू होतो, म्हणजे बरोबर त्यांच्या हिवाळ्यात. त्या भागातून जाणाऱ्या जोडप्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसणारच, तोडणारा माणूस मात्र दिसणार नाही, कारण १९७० च्या दशकापासून तिथे सगळी तोड यंत्राने होते. पण त्याआधी शंभर वर्षं तिथेही हातानेच तोडत होते. १८६३ पासून १९०४ पर्यंत प्रशांत महासागरातल्या बेटांवरून सुमारे ६२ हजार माणसं तिथल्या मळ्यांवर आणली गेली, अनेकांना फसवून, काहींना पळवून. पुढे ऑस्ट्रेलियाला फक्त गोऱ्यांचा देश करायचं ठरलं. १९०१ मध्ये कायदा झाला आणि थोड्याच वर्षांत त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवलं गेलं. फडात आता गोरे मजूर आले.

आणि त्याच सुमारास, १९०५ मध्ये, क्वीन्सलँडने कायदा केला. मेंढ्यांची लोकर कातरणारे आणि साखरेच्या धंद्यातले कामगार यांना राहायला योग्य जागा देण्याची जबाबदारी मालकाची.

ही दोन वाक्यं एकापाठोपाठ वाचावीत. ऊस तोच, हंगाम तोच, कोयताही तोच. बेटांवरचा काळा माणूस तोडत होता तोवर तो कुठे झोपतो याचा असा स्वतंत्र कायदा झाला नव्हता. गोरा माणूस आला आणि झाला. म्हणजे कामगाराचा निवारा ही पैशाची अडचण नव्हतीच, तो माणूस आपल्यातला वाटतो की नाही, एवढाच प्रश्न होता. १९०५ चा ऑस्ट्रेलिया आजच्या महाराष्ट्राहून श्रीमंत होता असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. पण चार भिंती आणि एक खड्डा यांसाठी फार श्रीमंती लागत नाही. आपल्या फडात कोण आहे पाहा: भटके, दलित, कोरडवाहू मराठा, आदिवासी, थोडे मुसलमान. त्यांच्यासाठी असा कायदा का होत नाही, याचं उत्तर मी वर दिलं आहे, पुन्हा लिहायला लावू नका.

कायदा अगदीच नाही असंही नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता, त्यात ठेकेदाराने नेलेल्या मजुरांना राहण्याची योग्य जागा द्यावी असं स्पष्ट होतं. पण त्याच्या नावातच मेख आहे: आंतरराज्य. आष्टीची जोडी चिक्कोडीला किंवा अथणीला गेली तर ती स्थलांतरित, आणि तिथून तासाभरावरच्या शिरोळला किंवा कागलला गेली तर नाही. तीनशे किलोमीटर ट्रॉलीत बसून जाणाऱ्या बाईला तुम्ही स्थलांतरित नाही, असं कायदा सांगत होता. आता तो कायदा २०२० च्या नव्या श्रमसंहितेत विरघळला आहे. मुकादमाच्या वहीत नाव नसलेली बाई नव्या संहितेत तरी कामगार म्हणून कशी सिद्ध होणार, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला २०२१ मध्ये आपल्या राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घरासारख्या गाड्या घेऊन फिरणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी तळ असावेत, तिथे पाणी, वीज, रस्ता अशा मूलभूत सोयी असाव्यात, असा विचार त्यात आहे. चांगलं धोरण आहे. त्याला विरोध नाही, माझ्याकडे गाडी आली तर मीही बेगमला घेऊन जाईन. पण एक लक्षात घ्या, उघड्यावर मुक्काम करणाऱ्या माणसाला काय लागतं हे सरकारला नीट माहीत आहे. ते त्याने लिहून काढलं आहे. आता फक्त तोच कागद ऊसतोडीच्या फायलीत ठेवायचा आहे.

पैसा कुठून येणार, हे लगेच विचारलं जातं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. दर टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारने, अशी त्याची रचना. चांगल्या हंगामात राज्यात हजार लाख टनांच्या पुढे गाळप होतं. गुणाकार पाचवीच्या पोराला जमतो: कारखान्यांचे १०० कोटी, सरकारचे १००. महामंडळातून मुलांच्या वसतिगृहांना हात लागला, हे खरं आहे आणि ते कौतुकाचं आहे. पण वसतिगृह गावाकडे असतं. तळावर अजून ऊसच आडोसा.

म्हणून माझी सूचना एकच आहे. साखर कारखान्याला दर हंगामाआधी पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्याची एफआरपी थकवली तर हा परवाना अडवला जातो. अडवला गेला आहे आणि त्यामुळे पैसे निघाले आहेत. तीच अट तळाला लावा. किती कोयते येणार हे कारखान्याला करार करतानाच माहीत असतं. तेवढ्या कोयत्यांसाठी पाण्याची टाकी, दिवे, बायकांची स्वतंत्र न्हाणीघरं आणि संडास, आणि लहान लेकरांसाठी एक शेड जिथे कुणीतरी मोठं माणूस बसलेलं असेल. एवढं उभं राहिल्याचा दाखला कारखान्याच्या चेअरमनने नाही, तिथल्या गटविकास अधिकाऱ्याने द्यायचा. दाखला नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर मोळी गव्हाणीत पडणार नाही.

यावर जे आक्षेप येतात ते मला पाठ झाले आहेत. पहिला, टोळ्या एका जागी राहत नाहीत, ऊस जिथे असेल तिथे हलतात. बैलगाडीवाल्या टोळ्या बहुधा कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर राहतात, त्यांच्याबाबत ही सबब चालतच नाही. ट्रॅक्टर-ट्रकवाल्या टोळ्या हलतात हे खरं, पण त्यांच्याबरोबर ट्रॉलीही हलते. लग्नसराईत, यात्रेत, वारीत चाकांवरचे संडास आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आषाढीला लाखो माणसांसाठी जे जमतं ते शंभर माणसांच्या टोळीसाठी का जमू नये? दुसरा आक्षेप, बांधून दिलं तरी ते वापरणार नाहीत. हे म्हणणाऱ्याने आधी त्यात पाणी सोडून पाहावं. तिसरा, आता हार्वेस्टर येतोय, चार-पाच वर्षांत हा प्रश्नच राहणार नाही. हे मी विद्यार्थी होतो तेव्हापासून ऐकतो आहे. हार्वेस्टर वाढले आहेत, अनुदानही मिळतं. पण दोन एकरांचा वाकडातिकडा प्लॉट, पडलेला ऊस, ओली जमीन, तिथे अजून आमचीच माणसं लागतात. आणि समजा आला हार्वेस्टर, तरी मधल्या हंगामांत बायकांनी अंधाराची वाट पाहत बसायचं का?

तळ नेमके कुठे आहेत हे शोधायला अवघड आहे, असंही एका अधिकाऱ्याने मला ऐकवलं होतं. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. तेव्हा कुठला कोयता कुठल्या फडात आहे, हे आमच्याकडच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ होतं आणि गाड्या बरोबर जागेवर पोचत होत्या. ती यादी मागून घ्यावी.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. संप, बैठका, नेत्यांची मध्यस्थी, सगळं झालं आणि वाढ मिळाली, आनंद आहे. पण त्या सगळ्या चर्चेत टेबलाच्या दोन्ही बाजूंना बहुतेक पुरुषच होते. दर हा पुरुषांचा मुद्दा आहे असं मी म्हणत नाही, घर दोघांचंच चालतं. एवढंच म्हणतो की टेबलाशी एखादी कोयतेवाली बाई बसली असती तर तिने दराच्या आधी संडासाचं नाव काढलं असतं.

आता थोडं आपल्या लोकांसाठी. ऊसतोडीशी आपला संबंध काय, असं आपल्या मोहल्ल्यात बऱ्याच जणांना वाटतं. हंगामाआधी बैलांच्या खुरांना नाल ठोकणारे नालबंद कोण आहेत? ट्रॅक्टर कोण चालवतं, ताडपत्री आणि टायर कोण विकतं? या प्रवासावर आपलीही चूल पेटते, आणि काही घरं तर स्वतः कोयता घेऊन जातात. गेली काही वर्षं रमजान मार्चच्या आसपास येतो, म्हणजे हंगामातच. त्या भाभींनी मला सांगितलं की पहिले काही रोजे त्यांनी फडात धरले आणि मग सोडले. मुसाफिराला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, चारऐवजी दोन रकातींची सवलत आहे. पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त एका जागी राहायचा इरादा असेल तर हनफी फिकहप्रमाणे तो मुसाफिर राहत नाही. पण ज्याला उद्या कुठल्या गावचा फड हेच मुकादम सांगत नाही, त्याचा इरादा कुणी धरायचा? हा प्रश्न मी आलिम लोकांवर सोडतो.

माझा मुद्दा वेगळा आहे. जकातीचे आठ हकदार आपण लहानपणी पाठ केले. त्यांत आठवा मुसाफिर. दरवर्षी आष्टीत जकात निघते, मदरशांना जाते, बेवा बायकांना जाते, बरोबरच आहे. मुसाफिराचा हिस्सा मात्र आपण जवळजवळ विसरलो, कारण मुसाफिर म्हटलं की आपल्याला अरबस्तानातलं वाळवंट आणि उंटाचा तांडा आठवतो. आपला तांडा ट्रॉलीत बसून आपल्याच दारावरून जातो. आणि जकातीच्या अटी असतील, पण सदक्याला धर्माची अट नाही, तो सगळ्या टोळीला लागू पडतो. एक सौर कंदील, एक ताडपत्रीचं न्हाणीघर, पोरीसाठी पाटी-पुस्तक. पण हेही सांगून ठेवतो की खैरातीने तळ उभे करू नयेत. आपण संडास बांधून दिला की कारखाना सुटला. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्याचं हे देणं आहे, ते मजुरीसारखंच मागायचं असतं.

गळीत हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी परवान्याच्या हालचाली सुरू होतात, तेव्हा टोळ्या गावातच असतात. नागपंचमी ते पोळा या दिवसांत बायका घरी सापडतात. त्या दिवसांत साखर आयुक्तांना द्यायचं एक निवेदन आम्ही काही शिक्षकांनी लिहून ठेवलं आहे. एक पान मराठीत, वरच्या चार मागण्या आणि खाली सह्यांची जागा. पहिल्या पानावर फक्त बायकांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे, असं ठरलं आहे. कडा, धानोरा, दौलावडगाव या बाजूंना सोबत फिरायला माणसं हवी आहेत, शक्यतो बायका, कारण आम्ही पुरुष संडासाचं विचारायला लागलो की त्या हसून उसाकडे हात करतात.